टाकीच्या स्टँडचे पाय: वावरातल्या कामाच्या नोंदी

३ एप्रिल

आज काम पक्कं झालं. संत्र्याच्या कलमांना पाणी द्यायला दोन हजार लिटरची टाकी साडेचार मीटर उंचीवर बसवायची. आमच्या वरुड भागात बोअरचं पाणी खोल गेलंय आणि विजेची लाईन कधी रात्री येते, कधी पहाटे. आली की टाकी भरून ठेवायची आणि दिवसभर उतारानं जंभेरीच्या रोपांना (यांच्यावरच संत्र्याचं कलम बांधतात) सोडायचं, एवढाच बेत. साडेचार मीटरनं नळीत जेमतेम अर्धा किलो दाब मिळतो. झारीला तेवढा पुरतो.

वेल्डरभाऊ वावरात येऊन जागा पाहून गेले. म्हणाले, "ताई, पन्नास-पन्नास-सहाचा अँगल, चार पाय, वर चौकट. दोन दिवसात उभा करून देतो. या अँगलवर हत्ती उभा राह्यते." बाबांनी माझ्याकडे पाहिलं. सिव्हिलचा डिप्लोमा करून मी अमरावतीत पाच वर्षं साईटवर काढली, पण घरचं काम पहिल्यांदाच हातात आलंय. मला थोडे दिवस द्या, हिशोब करून सांगते, असं म्हटलं. म्हणून ही वही.

६ एप्रिल

आधी वजन. पाणी २००० किलो. टाकी, वरची चौकट आणि जाड पत्रा मिळून ३०० धरले. २३०० भागिले चार, म्हणजे एका पायावर ५७५ किलो.

अँगल म्हणजे काटकोनात वळलेली लोखंडी पट्टी, दोन्ही बाजू ५० मिमी, जाडी ६. तिचा छेद ५६८ चौरस मिमी. साधं लोखंड दर चौरस मिमीला २५० न्यूटनपर्यंत सोसतं आणि मग नमतं. म्हणजे एक पाय नुसता चिरडायचा तर १४ टनांच्या वर वजन लागेल. भाऊंचा हत्ती इथूनच आला, आणि तो खोटा नाही. या अँगलचा वीतभर तुकडा उभा केला तर त्यावर खरंच तीन हत्ती तोलतील.

पण आपला पाय वीतभर नाही, साडेचार मीटरचा आहे. लांबसडक वस्तू दाबली की चिरडायच्या कितीतरी आधी ती बाजूला पोट काढते. भिंत काढते तसंच. किती वजनाला काढेल ते गणिती ऑयलरचं सूत्र सांगतं: पाय (३.१४) चा वर्ग, गुणिले ई, गुणिले आय, भागिले लांबीचा वर्ग. ई म्हणजे लोखंडाचा ताठपणा, दोन लाख न्यूटन प्रति चौरस मिमी. आय म्हणजे छेदाचा आकार वाकायला किती आडकाठी करतो ते माप. या सूत्रात लोखंडाची ताकद, ते २५०, कुठेच येत नाही. महागडं, जास्त ताकदीचं लोखंड आणलं तरी लांब पाय तेवढ्याच वजनाला वाकणार, कारण ई सगळ्या लोखंडाचा जवळपास सारखाच. कॉलेजात हे पाठ केलं होतं. आज स्वतःच्या वावरासाठी मांडताना पहिल्यांदा पोटात शिरलं.

तक्त्यात आय १२.९ सेंटिमीटरचा चौथा घात. उत्तर आलं १२८० किलो. ५७५ च्या दुपटीहून जास्त. समाधानानं वही मिटली.

७ एप्रिल

कालचा हिशोब चुकला आहे. आधी घडलं ते लिहिते.

सकाळी धुऱ्यापलीकडच्या काकाजींच्या वावरात गेले. त्यांचा स्टँड मागच्या वर्षी मे महिन्यात पडला. तिथे आधी हजार लिटरची टाकी दोन वर्षं सुखात उभी होती. मग त्याच स्टँडवर दोन हजारची चढवली. बोअर आटलेली, त्यामुळे ती कधी अर्ध्याच्या वर भरतच नव्हती. त्या दिवशी लाईन बराच वेळ राहिली, टाकी गळ्यापर्यंत भरली आणि संध्याकाळी वारा सुटला. खाली ढोरांचा हौद होता, तो फुटला. काकाजींची नात दहा मिनिटं आधी तिथूनच पाण्याचा गुंड भरून गेली होती. हे सांगताना काकाजी थांबले. मीही पुढचं विचारलं नाही.

पडलेले पाय अजून धुऱ्यावर आहेत, वर पऱ्हाटीचा ढीग. पऱ्हाटी बाजूला करून एक पाय मोकळा केला. तोच अँगल, पन्नास-पन्नास-सहा. वेल्ड कुठेच तुटलेलं नाही. मधोमध छान गोलाईदार वाक. हात फिरवला तेव्हा लक्षात आलं की वाक अँगलच्या कुठल्याच बाजूच्या दिशेनं नाही. तो कोपऱ्याच्या दिशेनं आहे. अँगलचा काटकोन जिथे होतो ती टाच जिकडे तोंड करते, नेमका तिकडेच पाय फुगलेला.

तिथेच उन्हात उभी राहिले आणि चूक दिसली. मी घेतलेला १२.९ हा अँगलच्या बाजूला समांतर अक्षाभोवतीचा आय. पण पायाला कुठल्या दिशेनं वाकायचं ते मी ठरवत नाही, तो सर्वात सोपी दिशा आपणच शोधतो. अँगलची सोपी दिशा तिरपी असते, टाचेतून जाणाऱ्या रेषेवर पुढे-मागे. हे वाकणं ज्या अक्षाभोवती होतं त्याला तक्त्यात व्ही-व्ही अक्ष म्हणतात. त्या अक्षाचा रेडियस ऑफ जायरेशन (छेदाचं लोखंड अक्षापासून किती दूर पसरलंय ते माप; त्याचा वर्ग गुणिले छेद म्हणजे आय) ९.६ मिमी, म्हणजे आय फक्त ५.२३. मी घेतला त्याच्या निम्म्याहून कमी.

घरी येऊन पुन्हा मांडलं. ५२० किलो.

पायावर येणार ५७५. म्हणजे टाकी पूर्ण भरली की वाऱ्याचा धक्काही नको. मी भाऊंना कालच होकार देणार होते.

९ एप्रिल

वरचं ५२० हेसुद्धा पाहुण्यासारखं आहे, आपल्या घरात राहीलच असं नाही. ते कधी खरं, हा प्रश्न पायाच्या दोन टोकांचा आहे.

लांबीचा वर्ग हे खूळ ऑयलरच्याही आधीचं. हॉलंडच्या म्यूशेनब्रुकनं १७२९ मध्ये बारीक काठ्या दाबून पाहिल्या आणि लिहून ठेवलं की लांबी दुप्पट केली की वाकायला चौथाई वजन पुरतं. ऑयलरनं १७४४ मध्ये त्यामागचं गणित मांडलं. दोन्ही टोकं नुसती टेकलेली असतील तर सूत्रातली लांबी म्हणजे खरी लांबी. दोन्ही टोकं गच्च धरली तर ती अर्ध्या लांबीसारखी वागते. खाली गच्च आणि वर मोकळी, म्हणजे जमिनीत रोवलेल्या झेंड्याच्या काठीसारखी, तर दुप्पट. या गुणकाला आपण के म्हणतो.

आता स्टँड. पाय खाली काँक्रीटमध्ये, वर चौकटीला वेल्ड. पाहणाऱ्याला वाटेल दोन्ही टोकं गच्च, के अर्धा, ताकद चौपट. तसं नाही. चौकट वर गच्च आहे, पण ती एका जागी नाही. चारही पाय एकाच दिशेनं झुकले तर चौकट त्यांच्याबरोबर सरकते. तिरपे, म्हणजे चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत घातलेले अँगल, नसलेला स्टँड हा असा डोलता असतो. डोलत्या स्टँडला के कागदावर एक आणि आयएस ८०० (लोखंडी बांधकामाचे भारतीय नियम) प्रमाणे १.२, कारण 'गच्च' म्हणून केलेलं टोक कधीच तेवढं गच्च नसतं. १.२ नं ५२० चे ३६० होतात. आणि पायाच्या बुडाशी पातळ प्लेट, दोन बोल्ट आणि खाली भेगाळणारी काळी माती असेल, तर ते टोक गच्च नव्हे, बिजागरीच. मग के दोनच्या घरात जातो आणि उरतात १३० किलो.

एकच अँगल, एकच उंची. १३० पासून ५२० पर्यंत काहीही. फरक सगळा टोकांचा.

१३ एप्रिल

आकडे वहीत किती फिरवायचे? गोठ्यात प्रयोग लावला.

२५ मिमी रुंद, ३ मिमी जाड लोखंडी पट्टी, बरोबर एक मीटर. दोन्ही टोकं कानसीनं धारदार केली. खाली अँगलच्या तुकड्याची खाच, वर फळीला ठोकलेल्या दुसऱ्या तुकड्याची खाच. फळीचं एक टोक दाराच्या बिजागरीनं भिंतीला, दुसरं पट्टीवर. फळीवर, बरोबर पट्टीच्या डोक्यावर, तेलाचा रिकामा पिपा. पिप्यात लिटरच्या मापानं पाणी ओतायचं, लिटर म्हणजे किलो. फळीचं अर्धं वजन आणि पिपा मिळून २ किलो आधीच पट्टीवर आहेत. खाली दोन बाजूंना विटांची थप्पी, म्हणजे पट्टी गेली तर फळी फार खाली यायला नको. शेजारी ओळंबा सोडला. पट्टीचा मधला भाग दोरीपासून किती सरकला ते फूटपट्टीनं मोजायचं.

सूत्र म्हणतं ११.३ किलो.

एकूण ४ किलोला मधला भाग १ मिमी सरकला. ६ ला अडीच. ८ ला साडेपाच. ९ ला १० मिमी. इथून पाणी वाटीनं ओतलं. १० किलोला २५ मिमी, पट्टीचं पोट आता लांबून दिसत होतं. त्यापुढे वाटीभर पाणी पडलं की पट्टी हळूहळू, स्वतःच्या मनानं सरकत राहिली आणि फळी विटांवर टेकली. आवाज नाही, तडा नाही. पिपा उतरवला तर पट्टी परत जवळपास सरळ! तिला काहीच झालेलं नव्हतं. लोखंड पुरतं शाबूत असताना तिनं वजन धरायचं सोडून दिलं होतं.

हे मी आधी कधी असं समोर पाहिलं नव्हतं. तीनदा केलं.

१४ एप्रिल

कालच्या आकड्यांत एक गोष्ट खटकत होती. पुस्तकातली पट्टी क्रिटिकल लोडपर्यंत, म्हणजे सूत्रातल्या वाकायच्या वजनापर्यंत, ताठ उभी राहते आणि मग एकदम जाते. माझी तर ४ किलोपासूनच सरकायला लागली. मग नेमका आकडा कुठला म्हणायचा?

यावर साऊथवेलची रीत आहे, १९३२ ची, आणि ती फार सुंदर आहे. प्रत्येक वेळी सरकलेलं अंतर भागिले वजन करायचं. मग ते उत्तर उभ्या अक्षावर आणि अंतर आडव्या अक्षावर असा आलेख काढायचा. बिंदू सरळ रेषेत येतात. त्या रेषेचा चढ उलटा केला की क्रिटिकल लोड मिळतो, पट्टी न मोडता.

६ किलोला ०.४२, ८ ला ०.६९, ९ ला १.११, १० ला २.५. आलेखाच्या कागदावर बिंदू ठेवले, ताणलेला दोरा त्यांच्यावरून धरला. चढ ०.०९२६. उलटा केला: १०.८ किलो.

११.३ का नाही? व्हर्नियर लावला तर पट्टी ३ मिमी नव्हती, २.९५ होती. जाडीचा घन लागतो, म्हणून अर्ध्या दशांशाच्या उणिवेनं सूत्रातूनच अर्धा किलो गेला. नव्या जाडीनं १०.७६. पट्टीचं स्वतःचं वजन सहाशे ग्रॅमच्या आसपास, त्यातलं अर्धं भारात मिळवलं तर माझा आकडा ११.१ होतो. गोठ्यातल्या मोजमापाला एवढा फरक मला मान्य आहे.

आणि ती रेषा उभ्या अक्षाला जिथे छेदते, त्यावरून पट्टीत मुळात किती वाक होता तेही निघतं. २ मिमी आला. पट्टी काढून तिच्यावर दोरा ताणला, मधे फट मोजली. २ मिमीच होती, जेमतेम दिसणारी. म्हणजे ती ४ किलोपासूनच सरकायला लागली ती या दोन मिलिमीटरांमुळे. पूर्ण सरळ अँगल बाजारात मिळत नाही, म्हणून ऑयलरचा आकडा ही वरची कड आहे, तिथपर्यंत जायचंच नसतं.

१५ एप्रिल

आज दोन गोष्टी.

खालचं टोक शिकंजात आवळलं. एक टोक गच्च, एक टेकलेलं: सूत्राप्रमाणे ताकद दुपटीला पोचायला हवी, २२ किलो. पिपा काठोकाठ भरला, १७ झाले, पट्टी बोटभर बाहेर. एक वीट ठेवली, सव्वातीन किलोची, आणि फळी खाली. म्हणजे १७ आणि २० च्या मधे कुठेतरी. शिकंजाचं टेबलच किंचित हलत होतं. आयएस ८०० या स्थितीला ०.७ न धरता ०.८ धरायला सांगतं, त्यानं १७ येतात. नियम लिहिणाऱ्यांना आमच्या गोठ्यातलं टेबल ठाऊक असल्यासारखा आकडा आहे.

दुसरी गोष्ट. टोकं पुन्हा मोकळी केली आणि पट्टीला बरोबर मधे सुतळी बांधून दोन बाजूंच्या खुंट्यांना ताणली. नुसती सुतळी. पिपा भरला, १७. पट्टी हललीच नाही. वर एकेक करून चार विटा, ३० किलो. तरी उभी. डोळा लावून पाहिलं तर वरचा अर्धा डावीकडे आणि खालचा अर्धा उजवीकडे, केसभर. लांबी अर्धी म्हणजे ताकद चौपट, ४३ पर्यंत जायला हवं होतं, पण फळी भिंतीतून सुटेल म्हणून ३० ला थांबले.

बाबा दारात उभे राहून पाहत होते. गोठ्याच्या कोपऱ्यात टेकूचे बांबू रचलेले आहेत. आंबिया बहाराची फळं भरली की फांद्यांखाली हेच बांबू लावतो. बाबा म्हणाले, "आपन टेकूले मधात सुतळी मारतो, तेच ना हे? नाही मारली तं बांबू धनुष्यासारखा होते."

तेच. मी लहानपणापासून त्या सुतळ्या बांधत आले आहे.

सुतळीला किती जोर पडला असेल? फार थोडा. पायाला मधे धरून ठेवायला त्याच्या वजनाच्या शेकडा दोन-अडीच एवढा जोर पुष्कळ होतो. ५७५ किलोच्या पायाला पंधरा किलोचा हात. तो हात तिथे असला पाहिजे, एवढंच.

१९ एप्रिल

भाऊंशी बसले. त्यांना काकाजींचा वाकलेला पाय दाखवला, कोपऱ्याची दिशा दाखवली. त्यांनी पाय उचलून डोळ्यासमोर धरला, बराच वेळ. मग म्हणाले, "मंग पंच्याहत्तरचा अँगल टाकू, कायले चिंता करता."

पंच्याहत्तर-पंच्याहत्तर-सहाचा हिशोब तिथेच केला. मीटरला ४.५ ऐवजी ६.८ किलो लोखंड, चार पायांना चाळीस किलो जास्त. ताकद १८३० किलोवर जाते, पण लांबी भागिले रेडियस ऑफ जायरेशन ३०८ येतं. दाबातल्या पायाला १८० च्या वर जायचंच नाही असा नियम आहे. आणि डोलणं तसंच राहतं.

त्याऐवजी पन्नासचाच पाय ठेवायचा आणि दीड-दीड मीटरवर आडवी रिंग, प्रत्येक चौकोनात तिरपा. पायाची मोकळी लांबी तिसऱ्या भागावर. तिसरा भाग म्हणजे ताकद नऊपट, ५२० चे ४६८०. तिरप्यांमुळे डोलणंही गेलं, के एकच्या वर जात नाही. दीड मीटर भागिले ९.६ मिमी म्हणजे १५६, नियमात.

भाऊंनी विचारलं, "रिंग मारतोच ना आपन, मधात एक." रिंग मारतात, पण तिरपा मारत नाहीत. नुसत्या रिंगेनं चारही पाय एकमेकांना धरतात आणि सगळे मिळून एकाच दिशेनं जातात. चार माणसं हातात हात घालून तोल गेल्यावर पडतात तशी. मी काड्यापेटीच्या काड्यांचा चौकोन करून कोपरे दाबून दाखवला, मग त्यात तिरपी काडी घातली. भाऊंनी तो चौकोन स्वतः दाबून पाहिला. म्हणाले, "हाव, हे बराबर हाये."

२३ एप्रिल

४६८० वर मी झोपणार नाही, गोठ्यातल्या दोन मिलिमीटरांनी ते शिकवलंय. आयएस ८०० ची २००७ ची आवृत्ती हा मुळातला वाक, आणि लोखंड लाटताना त्यात अडकून राहिलेला ताण, दोन्ही धरते. अँगलसाठी 'सी' गट, गुणक ०.४९. आकडेमोड वहीच्या मागच्या पानांवर आहे. दर चौरस मिमीला ५५ न्यूटन, म्हणजे एका पायाला ३२१० किलो. ऑयलरच्या दोन-तृतीयांशाच्या जवळपास. हा आकडा धरायचा.

आता समोरचं ओझं. नागपूर भागाला वाऱ्याचा मूळ वेग ४४ मीटर प्रति सेकंद. दर चौरस मीटरला ११८ किलोचा जोर. टाकी साधारण १.३५ रुंद, १.५५ उंच, म्हणजे २५० किलोचा धक्का. गोल टाकीवरून वारा सरकतो, खरा जोर कमी येतो. ती सूट घेतली नाही, स्टँडच्या अँगलांवर बसणाऱ्या वाऱ्यासाठी ठेवली. हा धक्का ५.३ मीटरवर. वारा कोपऱ्यातून आला तर एकाच पायावर ६२५ किलो जास्त.

पायाखालची माती ही तिसरी गोष्ट. चार पायांचा पाट कधी चारही पायांवर बसत नाही. काळ्या मातीत एक पाय बोटभर खचला की त्याचं आणि त्याच्या कर्णावरच्या पायाचं ओझं शेजारच्या दोन पायांवर जातं, समोरासमोरच्या त्या दोघांवरच सगळी टाकी येते. म्हणजे एका पायावर ११५०. त्यात वारा मिळवला, १७७५. दीडपट केली, २६६०.

२६६० आणि ३२१०. सगळं वाईट एकाच संध्याकाळी आलं तरी पाय उभा राहील. आज वही मिटताना ६ तारखेसारखं वाटलं नाही. आज तपासून मिटली.

२ मे

तिरप्यांचं राहिलं होतं. वारा एका बाजूनं आला की तिरपा ताणला जातो, उलट्या बाजूनं आला की तोच दाबला जातो. म्हणजे तिरपाही त्या वेळी खांबच, आडवा झोपलेला. लांबी २.१२ मीटर. ४० चा अँगल घेतला तर लांबी भागिले रेडियस ऑफ जायरेशन २७५, फक्त वाऱ्यासाठीच्या २५० च्या मर्यादेबाहेर. ४५-४५-५ घेतला, २४४. भाऊंकडे ४० चा पडून होता, त्यांना वाईट वाटलं. मी त्यांना क्यूबेकची गोष्ट सांगितली. १९०७ च्या ऑगस्टमध्ये कॅनडात सेंट लॉरेन्स नदीवरचा पूल बांधता बांधताच कोसळला, ७५ कामगार गेले. दाबातले मोठे भाग चांगले जाडजूड होते. त्यांच्या फाळ्यांना एकमेकांशी धरून ठेवणारी पट्ट्यांची जाळी कमी पडली. धरून ठेवणारं लोखंड बारीक असलं तरी त्याचाही हिशोब लागतो. भाऊ काही बोलले नाहीत, दुसऱ्या दिवशी ४५ चा अँगल घेऊन आले.

१० मे

खड्डे. दोन फूट भारी काळी माती, भेगा इतक्या की सब्बल नुसती सोडली तरी आत जाते. पावसात हीच माती फुगेल. तिच्यावर काही टेकवायचं नाही. तीन खड्ड्यांना मुरूम लवकर लागला, चौथ्याला हातभर आणखी खाली जावं लागलं. कदाचित जुनी नाली असेल.

काँक्रीटचा ठोकळा ६० बाय ६०, ७५ सेंटिमीटर उंच. ही उंची खाली दाबणाऱ्या वजनावरून आली नाही, वर उचलणाऱ्या वाऱ्यावरून आली. टाकी रिकामी आणि वारा कोपऱ्यातून, तर मागचा पाय ५५० किलोनं वर ओढला जातो. ठोकळा ६५० किलोचा आहे.

२४ मे

स्टँड उभा करायच्या आधी प्रत्येक पायावर दोरा ताणला. तीन ठीक. चौथ्यात साडेचार मीटरला ११ मिमी फट. नियमाच्या आलेखांमागे लांबीच्या हजाराव्या भागाइतका वाक धरलेला असतो, म्हणजे दीड मीटरच्या तुकड्याला दीड मिमी. ११ मिमी वाकलेला पाय तसाच चढवला असता तर वरून काही दिसलंही नसतं. भाऊंनी न सांगता तो बाजूला ठेवला आणि ठोकून सरळ करण्यापेक्षा दुसरा कापला. मला हे फार आवडलं.

दुपारी ऊन इतकं की अँगलला हात लागेना. सकाळी सहा ते नऊ एवढंच काम.

४ जून

टाकी चढली. पाणी पाच-पाचशे लिटरनं भरलं, प्रत्येक टप्प्याला तासभर थांबून. चारही पायांच्या मधल्या तुकड्यांना ओळंबे, मागे पुठ्ठ्यावर पेन्सिलच्या खुणा.

५०० ला काही नाही. १००० ला काही नाही. १५०० ला नैऋत्येच्या पायाची दोरी खुणेपासून सरकलेली वाटली. बाबांनी वाऱ्याला आड म्हणून पोतं धरलं तेव्हा ती परत खुणेवर आली. २००० ला, टाकी वाहायला लागेपर्यंत, चारही दोऱ्या पेन्सिलच्या रेघेच्या जाडीत. अर्धा मिमीही नाही.

काकाजी सकाळपासून आंब्याखाली बसून होते. शेवटचं माप लिहून झालं तेव्हा उठले, स्टँडच्या पायाजवळ आले, तिरप्याला हात लावून हलवून पाहिला. म्हणाले, "पोरी, माह्यावाला कधी करतं?"

८ जून

संध्याकाळी पश्चिमेकडून वारा, मग पहिला मोठा पाऊस. टाकी भरलेली होती. वीज गेली. टॉर्च घेऊन आठ वाजता गेले. वरून टाकीच्या झाकणाचा आवाज येत होता, एवढंच. ओळंब्याच्या दोऱ्या वाऱ्यानं गुंडाळल्या गेल्या होत्या.

९ जून

सकाळी दोऱ्या सोडवून पुन्हा सोडल्या. तीन खुणेवर. ईशान्येची १ मिमी आत. हा तोच पाय, ज्याच्या खाली मुरूम खोल लागला होता. ठोकळा थोडा बसला असेल. पाणपातळीची नळी लावून पाहिलं तर त्या कोपऱ्याची बेस प्लेट ३ मिमी खाली आहे. २३ एप्रिलच्या हिशोबात हे धरलेलं आहे. तरी पावसाळाभर दर रविवारी माप घेणार, वहीत त्यासाठी पान आखलं आहे.

उद्या काकाजींच्या वावरात, पट्टी आणि ओळंबा घेऊन.